मेरी कोम आणि वजनकाटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर मेरी कोम यांच्या कारकिर्दीवर आलेला लेख वाचला. एक वजनगट सोडला तर पदकांची यादी बरोबर आहे, लिहिणाऱ्याची आस्थाही खरी आहे. मात्र लेखाचा कळस म्हणून निवडलेला प्रसंग वाचून आम्हा प्रशिक्षक आणि पंच मंडळींच्या पोटात गोळा आला. पोलंडमध्ये चार तासांत दोन किलो वजन उतरवून त्या रिंगमध्ये गेल्या आणि सुवर्णपदक घेऊन आल्या, तो प्रसंग. इंदुरात बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या मुलींना मेरी कोम यांच्याविषयी साधारण तीन गोष्टी ठाऊक असतात: सहा जागतिक विजेतेपदे, मुले झाल्यानंतरचे पुनरागमन आणि ही दोन किलोंची गोष्ट. पहिल्या दोन गोष्टींची नक्कल कुणाला सहजासहजी करता येत नाही. तिसरीची उद्या सकाळी करता येते, आणि केली जातेही.

हा प्रसंग सप्टेंबर २०१८ मधला, पोलंडमधल्या ग्लिवित्से येथील स्पर्धेचा. गट ४८ किलोचा. पहाटे तीन-साडेतीनला विमान उतरले, साडेसातच्या सुमारास वजन द्यायचे होते आणि काटा दोन किलो जास्त दाखवत होता. त्यांनी तासभर दोरीवरच्या उड्या मारल्या आणि वजन बसले. हे सगळे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. त्याच वेळी त्यांनी सांगितलेला एक तपशील मात्र लेखांमधून नेहमी गळतो. विमान जवळजवळ रिकामे होते, त्यामुळे त्यांना पाय पसरून झोपता आले होते. तसे झाले नसते तर पुढचे काही जमले असते की नाही, अशी शंका त्यांना स्वतःलाच होती.

आता हिशेब मांडू. ५० किलोची बाई तासभर जोरात दोरीवर उड्या मारते तेव्हा साधारण ६०० कॅलरी जळतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे त्या तासात चरबी गेली असेल ती फार तर ८० ग्रॅम. उरलेले जवळजवळ सगळे पाणी. अंगात दोन थर कपडे घालून उड्या मारल्या तर तासाला लिटर-दीड लिटर घाम जातो, बाकीचे लघवीतून आणि श्वासातून. लांबच्या प्रवासात बसून बसून आणि खारट खाऊन अंगात पाणी साठते. त्यामुळे विमानातून उतरल्यावर दाखवलेले दोन किलो हे काही अंशी प्रवासाचेच वजन असते आणि ते तुलनेने लवकर निघते. घरी राहून, नेहमीचे जेवण जेवून ज्या मुलीचे वजन ५० आहे, तिच्या अंगात असे सुटे पाणी नसते. तिचे दोन किलो काढायचे म्हणजे रक्तातले आणि स्नायूंमधले पाणी काढायचे.

दोन किलो म्हणजे ५० किलोच्या शरीराचे ४ टक्के. पाणी २ टक्क्यांच्या पुढे कमी झाले की दम लवकर लागतो. रक्त घट्ट होते, तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके वाढतात, पाय जड होतात. बॉक्सिंगमध्ये याच्यावर आणखी एक भीती असते: पाणी कमी झालेल्या शरीरात डोक्यावर बसलेल्या ठोशाचा मेंदूला जास्त त्रास होऊ शकतो, असे डॉक्टर सांगतात. गेलेले पाणी भरून काढायला गेले त्याच्या दीडपट प्यावे लागते, कारण प्यायलेल्यातले काही लगेच लघवीवाटे निघून जाते. दोन किलोंना तीन लिटर. दर पंधरा मिनिटांनी २०० मिलिलिटर, एवढेच पोट निमूट घेते. या वेगाने तीन लिटरला पावणेचार तास लागतात. घटाघटा प्यायले की उलटी होते, किंवा पोटात डचमळत राहते आणि पहिल्याच बॉडी पंचला मुलगी वाकते. नुसते पाणीही उपयोगाचे नाही. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच मिसळायची. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून नाही आणि दोन लिटरमध्ये पातळ करूनही नाही.

व्यावसायिक बॉक्सर आदल्या दिवशी वजन देतात, त्यांना भरपाईला पूर्ण दिवस मिळतो. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत मुली खेळतात ते हौशी बॉक्सिंग. तिथे लढतीच्या दिवशीच सकाळी वजन होते, आणि पुढे जिंकत गेलात तर ज्या ज्या दिवशी लढत त्या त्या दिवशी पुन्हा. एकदा कसेबसे उतरवलेले वजन चार-पाच दिवस धरून ठेवावे लागते. कुस्तीचा नियम थोडा वेगळा असला तरी दुसऱ्या दिवशीचा काटा काय करतो हे सगळ्या देशाने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला पाहिले. विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने बाहेर गेल्या.

इंदूर हे आखाड्यांचे गाव. वजन तोडणे ही इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे आणि तिच्यात वावगे काही आहे असे फारसे कुणाला वाटत नाही. मुलींच्या बॉक्सिंगमध्ये ती आली आहे ती तिथूनच. आदल्या दुपारपासून पाणी बंद, प्लॅस्टिकचा सूट, बंद खोली, तोंडात चिंच धरून थुंकत राहणे. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना हे करणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. घाम येता येता थांबला, मुलगी असंबद्ध बोलू लागली किंवा चालताना झोकांड्या खाऊ लागली, तर वजन विसरायचे. सूट कापून काढायचा, सावलीत आणायचे, अंगावर गार पाणी ओतत पंखा लावायचा, मानेवर, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायचा, दवाखान्यात नेतानाही थंड करणे चालू ठेवायचे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजायचे नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथे नियम बदलले.

काही ठिकाणी लघवीची गोळी देण्यापर्यंत मजल जाते. औषधाच्या दुकानात लॅसिक्स म्हणून मिळते ते फ्युरोसेमाइड प्रतिबंधित यादीत आहे; स्पर्धेच्या काळातही आणि एरवीही. चाचणीत सापडले की मुलीची काही वर्षे जातात, आणि 'सरांनी दिली होती' हे उत्तर तिथे चालत नाही.

या सगळ्यात खटकणारी बाब अशी, की मेरी कोम यांची कारकीर्द वजन उतरवण्याची नाहीच. ती वजन कमी असण्याची आहे. पदकांसमोर वजनगट लिहून पाहावा. २००१, स्क्रँटन, महिलांची पहिली जागतिक स्पर्धा: ४८ किलो, रौप्य. २००२, अंतल्या: ४५ किलो, सुवर्ण. २००५, पोदोल्स्क: ४६, सुवर्ण. २००६, दिल्ली: ४६, सुवर्ण. २००८, निंगबो: ४६, सुवर्ण, आणि हे जुळ्या मुलांच्या जन्मानंतर सव्वा वर्षातच. २०१०, ब्रिजटाउन: ४८, सुवर्ण. २०१८, पुन्हा दिल्ली: ४८, सुवर्ण; अंतिम लढतीत युक्रेनच्या हान्ना ओखोतावर ५-०. २०१९, उलान-उदे: ५१, कांस्य. जागतिक स्पर्धेतली आठ पदके. त्यांतली सहाच्या सहा सुवर्णपदके ४८ किंवा त्याखालची. क्युबाच्या फेलिक्स सावोन यांच्या सहा सुवर्णांशी त्यांची बरोबरी झाली आणि एकूण पदकांत त्या पुढे गेल्या. २००६, २००८ आणि २०१० या तिन्ही अंतिम लढतींत समोर एकच बॉक्सर होती, रुमानियाची स्टेलुत्सा दुत्सा. छोट्या गटात तेव्हा स्पर्धा कमी होती असे म्हणणाऱ्यांनी तीन वेळा त्याच, आपला प्रत्येक डाव ओळखून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हरवणे किती अवघड असते याचा विचार करावा.

ऑगस्ट २००९ मध्ये महिला बॉक्सिंगला लंडन ऑलिंपिकचे दार उघडले तेव्हा मेरी कोम चार वेळच्या विश्वविजेत्या होत्या. पण ऑलिंपिक समितीने गट दिले तीनच: ५१, ६० आणि ७५. दार उघडायला ज्यांच्या पिढीने खांदा लावला, त्यांचाच गट दाराबाहेर राहिला. ४६-४८ मध्ये लढणाऱ्या, पाच फूट दोन इंच उंचीच्या बॉक्सरला ५१ मध्ये जायचे होते. तीन किलो म्हणजे फार काय, असे वाचकाला वाटेल. ४८ च्या शरीराला तीन किलो म्हणजे सव्वासहा टक्के. शिवाय वर चढणारी खालून चढत असते, तेव्हा समोरची वरून उतरत असते.

नेमके कोण उतरून आले होते ते पाहा. २००८ च्या निंगबोतल्या जागतिक स्पर्धेत ५४ किलोची अंतिम लढत पोलंडच्या कारोलिना मिखालचुक आणि इंग्लंडच्या निकोला अॅडम्स यांच्यात झाली होती, मिखालचुक जिंकल्या. त्याच स्पर्धेत मेरी कोम ४६ मध्ये जिंकल्या. म्हणजे त्या दोघी आणि ही, यांच्यात आठ किलोंचे अंतर. चार वर्षांनी लंडनला तिघीही ५१ मध्ये. मेरी कोम यांची पहिलीच लढत मिखालचुकशी होती आणि त्यांनी ती १९-१४ ने घेतली. मग ट्युनिशियाच्या मारुआ रहाली यांच्यावर १५-६. उपांत्य फेरीत अॅडम्सकडून ६-११ ने हार आणि कांस्यपदक. त्यांच्या कारकिर्दीतली एकच लढत मुलींना दाखवायची असेल तर आम्ही दिल्लीचे ५-० नाही, मिखालचुकविरुद्धचे १९-१४ दाखवू. पदक कांस्य म्हणून त्या आठवड्याला दुय्यम मानणाऱ्यांनी काट्याकडे पाहिलेले नाही.

तीन किलो वाढवणे हे तीन किलो उतरवण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट ही आहे. नुसते खाऊन वाढवले तर पाय मंदावतात, आणि छोट्या बॉक्सरचा सगळा धंदा पायांवर. आठवड्याला पाव किलोच्या वर गेलो की बहुधा चरबीच वाढते; म्हणजे तीन किलोंना सुमारे तीन महिने हवेत. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ४०० कॅलरी जास्त, आणि प्रथिने वजनाच्या दर किलोला १.६ ते २ ग्रॅम. ५० किलोच्या मुलीला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम. आपल्या घरांतल्या ताटात हा आकडा गाठणे सोपे नाही. अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे ७. पोह्यांवर कितीही शेव घातली तरी ते भरून येत नाही. सोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने उचलावी लागतात: स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप, पाच-सहाच्या संचांत. मुलगी 'दणकट' दिसेल म्हणून याला घरून विरोध होतो. दणकट दिसावी यासाठीच तर तिला इथे पाठवले आहे, हे पालकांना सांगावे लागते.

मराठी घरांत आणखी एक अडचण आहे, ती उपासाची. संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार. मुलगी उपास करते आणि त्याच दिवशी वजनही घटेल अशी मनात आशा ठेवते. दिवसभर काही नाही आणि रात्री साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही, वर तूप आणि दाण्याचे कूट. सरावाच्या दिवशी उपास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर आणि राजगिरा घ्यावा आणि स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, दुसऱ्या दिवशी ठेवावे. उपाशी पोटी स्पॅरिंग करताना डोळा चुकतो, हात खाली येतो.

ज्यांना खरोखरच वजन कमी करायचे आहे त्यांचा वेग आठवड्याला शरीराच्या अर्धा ते एक टक्का. ५० किलोला पाव ते अर्धा किलो. एवढा वेळ हाती नसेल तर वरच्या गटात नाव द्यावे. सतरा वर्षांखालच्या मुलींचे वजन उतरवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्युनियर गटांच्या पायऱ्या दोन-दोन, तीन-तीन किलोंच्या असतात आणि या वयात मुलगी वर्षभरात एक-दोन गट आपोआप चढते. तिला गेल्या वर्षीच्या गटात दाबून बसवले की आधी पाळी अनियमित होते, मग थांबते, मग नडगीच्या हाडात बारीक चीर जाऊन दुखू लागते. या तिन्ही गोष्टी एकाच कारणाच्या आहेत: जेवढे खर्च होते तेवढे पोटात जात नाही. पाळी तीन महिने चुकली तर तो 'सरावाचा परिणाम' नसतो, डॉक्टरकडे जाण्याची वेळ असते. वजनाच्या आधी हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ च्या खाली असेल तर दोरी, धावणे, बॅग, कशाचाच पुरता उपयोग होत नाही आणि प्रशिक्षक मात्र मुलीला आळशी म्हणत राहतो.

काट्याविषयी थोडे. डिजिटल काटा रबरी मॅटवर ठेवला की आकडा चुकतो. तो फरशीवर, सपाट जागी हवा. महिन्यातून एकदा प्रमाणित २० किलोचे वजन ठेवून पाहावा. वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, रोज एकाच कपड्यांत. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी चढते आणि नंतर उतरते. ते वहीत नोंदलेले असले तर स्पर्धेच्या आठवड्यात धांदल होत नाही. खारट पदार्थ दोन दिवस आधी बंद करावेत. रात्री सराफा बाजारातले खाणे आणि सकाळी काटा, हे इंदुरात जन्मलेल्यालाही जमत नाही. स्पर्धेच्या ठिकाणी तपासणीसाठी काटा खुला असतो, आदल्या संध्याकाळी त्यावर एकदा उभे राहून आपल्या काट्याचा फरक काढून ठेवावा. मुलींचे वजन बंद खोलीत, महिला अधिकाऱ्यांसमोर होते. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीला हे आधी सांगितले नाही तर ती त्या धास्तीनेच रात्रभर जागते.

लेखात टोकियोतल्या पराभवाला 'पंचांचा अन्याय' म्हटले आहे. आमच्यातले काही पंच आहेत, म्हणून याचे गणित सांगायलाच हवे. २९ जुलै २०२१ ला कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून मेरी कोम २-३ ने हरल्या. तीन फेऱ्यांपैकी शेवटच्या दोन फेऱ्या पाचांतल्या तीन-तीन पंचांनी मेरी कोम यांना दिल्या होत्या. मग दोन फेऱ्या जिंकून हार कशी? कारण फेऱ्या मोजल्या जात नाहीत. प्रत्येक पंच आपापली बेरीज करतो आणि पाच बेरजांपैकी तीन ज्याच्या बाजूच्या, तो जिंकतो. पहिली फेरी पाचांतल्या चौघांनी व्हॅलेन्सियाला दिली होती. त्या चौघांपैकी कुणाची बेरीज मेरी कोम यांच्याकडे वळायची तर त्याच पंचाने पुढच्या दोन्ही फेऱ्या त्यांना द्यायला हव्या होत्या. दुसऱ्या फेरीतले तीन पंच आणि तिसऱ्या फेरीतले तीन पंच तेच नसतील तर मते विखुरतात आणि बेरीज जमत नाही. निर्णय पटला नाही असे कुणी म्हणू शकतो, पण लढत गेली ती पहिल्या तीन मिनिटांत. तेव्हा त्यांचे वय अडतीसच्या आसपास होते आणि त्या वयात शरीर तापायला वेळ लागतो.

गुण देण्याच्या पद्धतीतला बदल हा त्यांच्या कारकिर्दीचा फारसा कुणी न सांगितलेला भाग आहे. लंडनपर्यंत पंच बटणे दाबत आणि लागलेले ठोसे मोजले जात. त्या पद्धतीत एकटा, स्वच्छ, लांबून दिसणारा ठोसा फळत असे. जवळ घुसून मारलेल्या तीन-चार ठोशांच्या झडीत पंचाचे बोट मागे पडे आणि मोजणीत एखादाच येई. छोट्या, आत घुसणाऱ्या बॉक्सरला ही पद्धत सावत्र होती. २०१३ पासून दहा गुणांची पद्धत आली: फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९, फारच एकतर्फी असेल तर ८. महिलांच्या फेऱ्याही बदलल्या. लंडनला दोन-दोन मिनिटांच्या चार होत्या, पुढे तीन-तीन मिनिटांच्या तीन झाल्या. एकूण वेळ आठचा नऊ मिनिटे, पण विश्रांती एकाने कमी. या दोन्ही बदलांशी त्यांनी तिशी ओलांडल्यावर जुळवून घेतले आणि २०१४ चे इंचॉन आशियाई सुवर्ण (५१ किलो), २०१८ चे गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल सुवर्ण (४८ किलो) आणि सहावे विश्वविजेतेपद मिळवले. मध्ये २०१६ चे रिओ हुकले. ऑलिंपिकचा सर्वांत हलका गट तेव्हाही ५१ होता.

त्यांच्या उभे राहण्याविषयी. मेरी कोम साउथपॉ आहेत: उजवा पाय पुढे, उजव्या हाताने जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), डावा हात मागे. त्यांचे पाहून उजव्या हाताच्या मुलींना तसे उभे करणारे प्रशिक्षक आहेत, आणि उलट, पॅड धरायला अडचण होते म्हणून डावखुऱ्या मुलीला उजवी करणारेही आहेत. दोन्ही चूक. मुलगी चेंडू कुठल्या हाताने फेकते ते पाहावे. तो हात मागे. डावखुरी असेल तर ते भाग्य समजावे, कारण समोरच्यांना साउथपॉशी सराव कमी असतो.

साउथपॉ आणि ऑर्थोडॉक्स (डावा पाय पुढे ठेवणारी) समोरासमोर आल्या की दोघींचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात. डावखुरीने आपला उजवा पाय समोरचीच्या डाव्या पायाच्या बाहेर ठेवायचा. मग डावा सरळ ठोसा दोन हातांच्या मधून जातो आणि समोरचीचा उजवा हात लांब पडतो. पाय आत राहिला तर आपणच तिच्या उजव्या ठोशावर चालत जातो. यासाठी जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारावी. पहिले दोन आठवडे ठोसा न मारता दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या फक्त पाय. नंतर जॅब, तोही डोक्यावर नाही, समोरचीच्या पुढच्या ग्लोव्हवर, तिचा हात अडकवून ठेवण्यापुरता. मग डावा, आधी छातीवर. उंची कमी असेल तर आत जाणे जॅबसोबत व्हावे. जॅब मारून परत आला की मग पाऊल टाकायचे, ही सर्रास दिसणारी चूक आहे आणि तिची शिक्षा लगेच मिळते. बाहेर पडताना सरळ मागे जायचे नाही. लांब हाताच्या मुली त्याचीच वाट पाहतात: हनुवटी वर, वजन टाचांवर, आणि उजवा येतो. दोन-तीन ठोसे मारून कडेने निघायचे. मेरी कोम यांचे चलचित्र दाखवताना हात झाकून फक्त कमरेखालचा भाग दाखवला तर मुलींना जास्त कळेल.

स्पर्धेत मुलींना दहा औंसांचे ग्लोव्ह असतात म्हणून सरावातही तेच वापरले जातात. स्पॅरिंगला चौदा किंवा सोळा औंस हवेत, हेडगार्ड आणि माउथगार्ड हवेच. स्पर्धेत माउथगार्ड लाल चालत नाही, कारण रक्त दिसत नाही. जोडीतला फरक तीन किलोंच्या आत ठेवावा. लंडनला आठ किलोंचे अंतर मिटवणारी बाई विश्वविजेती होती. तो नियम बारा वर्षांच्या मुलीला लावू नये. डोक्याच्या माराने लढत थांबली तर किमान ३० दिवस स्पॅरिंग नाही, तीन महिन्यांत दोनदा झाले तर ९०, वर्षात तिसऱ्यांदा झाले तर वर्षभर. हा स्पर्धेचा नियम आहे. सरावात लागलेला मार कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून तिथे तो पाळला जात नाही. वजनाच्या वहीतच एक रकाना त्याचा असावा.

वारशाबद्दल लेखात बरेच आहे, म्हणून थोडक्यात. २००६ च्या दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत भारताला चार सुवर्णपदके होती: मेरी कोम, सरिता देवी, जेनी आणि लेखा. बाकीच्या तिघींची नावे क्वचितच छापून येतात. डिसेंबर २०१९ मध्ये तरुण बॉक्सर निखत झरीन यांनी मेरी कोम यांच्याविरुद्ध मागितलेली निवड चाचणी झाली ती योग्यच झाली. मेरी कोम ९-१ ने जिंकल्या, आणि मे २०२२ मध्ये इस्तंबूलला निखत विश्वविजेत्या झाल्या. जून २०२२ मध्ये निवड चाचणीतच मेरी कोम यांचा गुडघा गेला. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्तीची बातमी आली, ती त्यांनीच खोडली. पण चाळिशीनंतर हौशी स्पर्धेत उतरता येत नाही, त्यामुळे प्रश्न उरत नाही. इंफाळजवळ लांगोल इथे त्यांची अकादमी आहे. ४८ किलोला ऑलिंपिकमध्ये जागा मात्र पॅरिसपर्यंत मिळाली नाही. तिथे सहा गट झाले तरी सर्वांत हलका ५० चा होता. तेव्हा आज इंदुरात ४६-४८ मध्ये जिंकणाऱ्या मुलीलाही ऑलिंपिक मनात असेल तर उतरायचे नाही, चढायचे आहे.

आपल्या लेखात दोन दुरुस्त्या. २००२ चे सुवर्ण ४८ नव्हे, ४५ किलोचे. आणि लेखासोबतचे छायाचित्र पानाच्या मांडणीसाठी आडवे उलटवलेले आहे: बनियनवरची अक्षरे उलटी दिसतात आणि मेरी कोम डावा पाय पुढे टाकून उभ्या आहेत. ते कात्रण मुली भिंतीवर लावतात आणि आरशासमोर तसेच उभे राहून सराव करतात. मूळ छायाचित्र सरळ करून पुन्हा छापता आले तर बरे होईल.

आपले,
इंदुरातील काही बॉक्सिंग प्रशिक्षक व पंच